मुद्देमाल : बाटली एक, आडवी

फ्रान्स हा देश देसूरकर सरांनी एकतीस वर्षं एकहाती चालवला. त्याच्या नद्या त्यांच्या बोटाच्या इशाऱ्यावर वाहिल्या, त्याच्या डोंगरांनी त्यांच्या छडीचा मार खाल्ला, आणि बोर्डो शहर कुठे आहे हे एक वेळ फ्रेंच सरकार विसरेल, सर विसरणार नाहीत. हा सगळा कारभार त्यांनी बेळगावातल्या एका मराठी हायस्कूलच्या नववी ब मधून, मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला केला. स्वतः ते पश्चिमेला सावंतवाडीपर्यंत गेले होते. तेही मेहुण्याच्या लग्नाला, आणि तिथूनही पोट बिघडून परत आले.

'बोर्डो : गारोन नदी, द्राक्षे, मद्य, बंदर' असं फळ्यावर लिहून देणाऱ्या चिंतामणी देसूरकरांनी मद्याचा थेंब कधी जिभेला लावला नव्हता. त्यावाचून शिकवण्यात काही अडलंही नव्हतं. त्यांनी ज्वालामुखीही शिकवला होता.

अशा माणसाच्या टेबलावर २०२२ साली निशांतने बाटली ठेवली. निशांत येळ्ळूरचा, सरांचा जुना विद्यार्थी, आता फ्रान्समध्ये विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, तुम्ही शिकवलेलं बोर्डो. मी खरंच तिथे गेलो, आणि तिथूनच ही आणली."

सरांचे डोळे पाणावले. विनोदिनीबाईंचे बारीक झाले.

"आत्ता उघडायची नाही, सर," निशांत म्हणाला. "२०१८ ची आहे, अजून मुरायला हवी. २०२५ च्या डिसेंबरात मी येतो, मग आपण दोघं घेऊ. तोवर आडवी ठेवा. अंधार हवा, तापमान तेरा अंश. हलवायची नाही, आणि जवळपास उग्र वास नको."

नर्सिंग होममधून बाळ घरी देताना सांगतात त्या सुरात त्याने हे सांगितलं. सर उठून उभे राहिले. "निशांत, ही तुझी ठेव समजतो. डिसेंबर २०२५. शब्द दिला."

सरांचा शब्द म्हणजे शब्द. एकदा वर्गाला सहलीचा शब्द दिला म्हणून त्यांनी अंगात ताप असताना चाळीस पोरं गोकाकच्या धबधब्यावर नेली होती, आणि धबधब्याला त्या वर्षी पाणी नव्हतं तरी एक तास उभं करून तो दाखवला होता.

अडचण एवढीच की तेरा अंश ही गोष्ट बेळगावात दुकानात मिळत नाही. आमच्या गावाला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात खरं, पण म्हणणाऱ्यांनी थर्मामीटर लावून पाहिलेलं नसतं. सरांनी लावला. कॉटखाली सत्तावीस. तांदळाच्या डब्यात सव्वीस. न्हाणीघरात चोवीस, पण तिथे हलण्याची शक्यता जास्त. फ्रिजमध्ये चार, शिवाय दार उघडलं की दिवा लागून अंधाराची वाट लागत होती. देवघरामागच्या कोनाड्याचं तापमान घेता आलं नाही, कारण तिथे विनोदिनीबाई उभ्या होत्या.

"हिला ह्या घरात जागा नाही," त्या म्हणाल्या.

"अगं, ही दारू नव्हे. हा पश्चिम युरोपीय सागरी हवामानाचा परिणाम आहे."

"परिणाम बाहेर ठेवा."

बाहेर म्हणजे कुंपणाशी. आणि कुंपणाशी काही ठेवायचं म्हणजे भावकूआण्णांना विचारल्यावाचून होत नाही. शेजारचे भावकूआण्णा वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले, पण खांबावर चढून सगळ्यांच्या घरात बघायची सवय निवृत्त झाली नाही.

"पुरा की सर," ते कुंपणावरूनच म्हणाले. "आमच्यात रताळी पुरत्यात. न्हाय तर माठाखालच्या वाळूत घाला. आन् थोडी कमी करून बघायची आसंल तर मी हायच."

सरांनी बाटली वाळूत घातली. तिसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या. बंद बाटलीला मुंग्या लागत नाहीत, असं भावकूआण्णांनी शपथेवर सांगितलं. मुंग्यांना ते माहीत नव्हतं.

शेवटी सरांना निपाणी आठवली. निपाणीत कुंथुनाथ मगदूम, सरांचा कॉलेजातला खोलीसोबती, तंबाखूचा तिसऱ्या पिढीचा व्यापारी. कांदा-बटाटा खात नाही, सूर्य मावळला की अन्नाला शिवत नाही, खोटं बोलत नाही. शेवटच्या नियमाने तंबाखूचा व्यापार कसा होतो हे सरांना कधी कळलं नाही, पण कुंथुनाथचा होत होता. त्याच्या वखारीच्या भिंती दीड हात जाडीच्या, खिडकी एकही नाही, भर मे महिन्यात आत गेलं की अंगावर काटा येतो.

"मास्तर, तुझं डोकं फिरलंय काय रं?" कुंथुनाथने विचारलं. "मी श्रावक माणूस. दारू ठेवतो होय माझ्या वखारीत?"

"घरात नाही, वखारीत. तिथे तंबाखू आहेच की."

कुंथुनाथने बराच विचार केला. "ते बी खरं हाय. तंबाखू बी मुरवावीच लागती. दोन वर्सं बोद हलवत न्हाई आमी." बोद म्हणजे तंबाखूचं गोणपाटात शिवलेलं गाठोडं. दोन बोदांच्या फटीत बाटली आडवी गेली आणि सरांनी दीड वर्ष निवांत झोप घेतली.

ती झोप मोडली २०२४ च्या एप्रिलात. व्हिडिओ कॉलवर निशांतने सहज विचारलं, "सर, बाटली कुठे ठेवलीय?"

"उत्तम जागी. तंबाखूच्या वखारीत."

पलीकडे फ्रान्स गप्प झालं. चित्र अडकलं असावं म्हणून सरांनी फोन हलवला.

"सर," निशांत हळूच म्हणाला, "बुचातून वास आत जातो म्हणतात..."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर निपाणीच्या बसमध्ये होते आणि दुपारी परतीच्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत ओल्या पंच्यात गुंडाळलेली बाटली, आडवी. शेजारच्या बाईने तर 'मुलगा की मुलगी?' असंही विचारलं. आता इथे सरांची एक चूक झाली, ती सांगितलीच पाहिजे. ज्या माणसाने नऊ निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्षाचं काम केलं, त्याच्या हे लक्षात राहिलं नाही की निवडणूक लागलेली आहे आणि आचारसंहिता चालू आहे. घाटाच्या खाली बस थांबली आणि तपासणी पथक आत चढलं.

"एनरी इदु?" पथकाच्या साहेबांनी पिशवीकडे बोट केलं, हे काय म्हणून.

"बोर्डो," सर मराठीत म्हणाले.

पुढचं सगळं बोलणं साहेब कानडीत करत राहिले आणि सर मराठीत, आणि दोघांना एकमेकांचं शब्दन् शब्द कळत होतं. आमच्या भागात भांडणं अशीच होतात. दुभाष्या लागत नाही, त्यामुळे मध्ये दम खायला वेळ मिळत नाही.

"मतदारांना वाटायला नेताय?"

"एका बाटलीत मतदार होणार किती?"

"ते तुम्ही सांगायचं. आमचं काम पकडायचं. पावती?"

"पावती कसली? भेट आहे ही."

"भेट म्हणजेच प्रलोभन. तुम्ही पिता?"

"अजिबात नाही!" सरांनी छाती पुढे काढून सांगितलं. बसमधल्या मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. आयुष्यात या वाक्याने त्यांना नेहमी मान मिळवून दिला होता.

साहेबांनी पेन काढलं. "म्हणजे वाटायलाच. पिणारा माणूस असता तर स्वतःला लागते म्हणून एक बाटली सोडली असती. न पिणारा नेतो म्हणजे दुसऱ्याला पाजायलाच नेतो."

एकतीस वर्षं ज्याने पोरांना कार्यकारणभाव शिकवला, त्याला या कार्यकारणभावात फट सापडेना. त्याच बसमध्ये मागे एक जण खिशात चपटी घेऊन झोपला होता. त्याचा वास ड्रायव्हरपर्यंत येत होता. त्याला कोणी उठवलंही नाही, कारण तो पीत होता हे उघड होतं.

पंचनामा झाला. 'बाटली एक. आत तांबडा-काळसर द्रव. लेबल अनोळखी भाषेत. कन्नड मजकूर आढळला नाही.' बाटलीला पांढरं कापड बांधलं, लाखेचा शिक्का बसला आणि ती जीपमध्ये बसून सरांच्या आधी बेळगावला पोचली.

सरांना संताप कशाचा आला म्हणाल, तर जप्तीचा नाही. कायदा तो कायदा. संताप याचा, की साहेबांनी जीपमध्ये बाटली उभी ठेवली.

निवडणूक झाली, निकाल लागला, आचारसंहिता उठली. बाटली उठली नाही. सरांनी अर्ज केला. अर्ज मराठीत होता म्हणून परत आला. कानडीत केला, तेव्हा लेबलाचं भाषांतर जोडलं नाही म्हणून परत आला. सरांनी निशांतकडून भाषांतर मागवलं, अभ्यासासाठी हवंय असं सांगून. ही थाप त्यांनी तीन दिवस तालीम करून मारली. बाटली सरकारजमा झालीय हे त्या पोराला कसं सांगणार? भाषांतरात 'वाड्याच्या आवारात बाटलीत भरले' असं एक वाक्य होतं, त्यावर कार्यालयाने वाड्याचा उतारा मागितला. मग पावसाळा आला, साहेब बदलले, नवे साहेब रजेवर गेले. त्यांच्या टेबलावरचा पंखा मात्र सगळा काळ कामावर हजर होता आणि दर वेळी सरांचा अर्ज खाली पाडत होता.

२०२५ चा ऑक्टोबर उजाडला. निशांतचं तिकीट निघालं. सर जाऊन कार्यालयातल्या बाकावर बसले आणि म्हणाले, "मी आता इथून उठणार नाही."

क्लार्कने सहानुभूतीने फाइल उघडली. "सर, अडलंय एकाच ठिकाणी. पंचनाम्यात तुम्हीच म्हणालाय, मी पीत नाही. म्हणजे माल वाटपाचा. तो सोडता येत नाही. तो स्वतःच्या सेवनाचा आहे असं सिद्ध करा, लगेच सोडतो. स्टँप पेपरवर दोन साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं आणा, तुम्ही पिता म्हणून."

"मी दारुडा आहे हे मी सिद्ध करू?"

"दारुडा नको," क्लार्क घाईने म्हणाला. "तो वेगळा फॉर्म. नियमित आणि मर्यादित, एवढंच."

सर घरी आले ते चपलांसकट खुर्चीत बसले. विनोदिनीबाईंनी पाणी दिलं. सगळं ऐकल्यावर त्यांनी गॅस बंद केला, आणि ही जास्त गंभीर बाब होती.

"माझ्या माहेरी," त्या म्हणाल्या, "तुमच्याबद्दल सांगायला माझ्याकडे एकच गोष्ट होती. सुपारीसुद्धा खात नाहीत म्हणून. आता काय सांगू? कागद करून पितात?"

"मी शब्द दिलाय गं."

"मग सांगा त्याला, बाटली फुटली."

"आणि कुठे फुटली विचारलं तर? कशी फुटली? काचा कुठेत?" सर कळवळून म्हणाले. "ते पोर फ्रान्समध्ये जाऊन माझं बोर्डो शोधत गेलं. जन्मभर मी त्यांना पाठ करायला लावलं. खरं मानून बघायला गेलेला तेवढा एकच आहे. त्याला खोटं सांगू?"

विनोदिनीबाईंनी पेला उचलला. "करा काय करायचं ते. पण लेकीच्या सासरी कळलं तर तुम्ही फोन घ्यायचा."

पहिला साक्षीदार शोधावा लागला नाही. भावकूआण्णा कुंपणावरूनच तयार झाले आणि नोटरीसमोर असे काही खुलले की टायपिस्टचे हात थांबले. 'सदर इसम देसूरकर मास्तर यांस मी गेली वीस वर्षे दररोज सायंकाळी मद्यप्राशन करताना खांबावरून व जमिनीवरून पाहत आलो आहे. प्राशनानंतर ते शेजाऱ्यांशी सौजन्याने वागतात.'

"भावकूआण्णा, दररोज कशाला?" सर ओरडले.

"नियमित पायजे म्हणला न्हाय काय क्लार्क? आन् सौजन्याचं मी माझ्या पदरचं घातलंया."

नोटरीने कोर्टाच्या आवारात ते मोठ्याने वाचून दाखवलं, तशी पद्धत असते. आवारात सरांचे सात माजी विद्यार्थी होते. तीन वकील, दोन पक्षकार, एक आरोपी आणि एक चहावाला. संध्याकाळपर्यंत सरांच्या टिळकवाडीत बातमी पोचली. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी सरांसाठी बाकावर नेहमीपेक्षा जास्त जागा सोडली. निवृत्त मुख्याध्यापकांनी घरी येऊन खांद्यावर हात ठेवला आणि लिव्हरसाठी भुईआवळ्याचं चूर्ण देऊन गेले. महिला मंडळाने व्यसनमुक्तीवरच्या व्याख्यानाचं निमंत्रण दिलं. सर खूष होऊन भाषण तयार करायला बसले, तेव्हा कळलं की व्याख्याते दुसरे आहेत. सरांना फक्त पहिल्या रांगेत बसायचं होतं.

दुसऱ्या साक्षीदारासाठी सर निपाणीला गेले. कुंथुनाथने कागद वाचला आणि दुमडून परत दिला.

"मास्तर, मी तुला पिताना बघितलं न्हाई. खोटी सही माझ्याच्यानं व्हायची न्हाई."

"अरे, नुसती सही!"

"खोटं बोलू नये हे व्रत हाय आमचं. नुसती सही, नुसतं बोलणं, असं नसतंय त्यात. तू पी. मी बघतो. मग करतो सही."

"बाटली सोडवायला सही, आणि सहीसाठी प्यायची? मग बाटली कशाला सोडवू?"

"ते तुझं तू बघ."

सरांचा चेहरा जांभळा झाला. कुंथुनाथला दया आली असावी. त्याने दुकानाबाहेर नजर फिरवली. समोर आयुर्वेदिक औषधांचं दुकान होतं. तो उठून गेला आणि एक तपकिरी बाटली घेऊन आला. श्रावक माणूस, त्याला कुठलीही वस्तू घेताना मागचा बारीक मजकूर वाचायची सवय. मुंबईला जाऊन बिस्किटं घ्यायची तरी तो आधी पुडा उलटा करतो.

"हे बघ. द्राक्षासव. काय लिवलंय? स्वयंनिर्मित मद्यार्क." त्याने बोट ठेवलं. "द्राक्षं हायत, आंबवल्यात, मद्यार्क हाय. आता तू दोन चमचे घे."

"हे भूक लागण्याचं औषध आहे!"

"मद्य हाय का न्हाई?"

"आहे."

"मग घे. नियमित पायजे नव्हं? उद्या बी ये."

निपाणीच्या बाजारपेठेत, भर दुपारी, तंबाखूच्या पेढीवर बसून, चिंतामणी देसूरकरांनी लागोपाठ पाच दिवस दोन-दोन चमचे द्राक्षासव घेतलं. रोज बसने जाऊन, रोज बसने परत येऊन. कुंथुनाथ समोर बसून एकटक बघत होता, परीक्षेला निरीक्षक बघतो तसा. सहाव्या दिवशी त्याने स्वच्छ मनाने सही केली : 'मी स्वतः डोळ्यांनी पाहिले आहे.' या उपक्रमाचा एकच तोटा झाला. सरांना सपाटून भूक लागायला लागली, आणि ते पाहून विनोदिनीबाईंची उरलीसुरली शंका फिटली. दारूने खा-खा सुटते असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी आदेश निघाला. मुद्देमालाची खोली जुन्या दगडी इमारतीत सगळ्यात मागे, पायऱ्या उतरून. तिथल्या जयाबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे आणि सर मागे. दार उघडलं आणि सरांच्या अंगावर गार हवा आली. खिडकी नव्हती. दिवा गेलेला होता. जुन्या मतदार याद्यांच्या चळतीखाली पांढऱ्या कापडातली बाटली झोपलेली होती.

"आडवी!" सर म्हणाले.

"आडवीच ठेवलीया," जयाबाई म्हणाल्या. "उभी ठिवली की येणारा-जाणारा बघतोय, आन् मग बाटली ऱ्हात न्हाय. आडवी पाडून वर कागद टाकलं की कुणाचं बी ध्यान जात न्हाय."

सरांनी खिशातून थर्मामीटर काढला. सतरा. डिसेंबर अजून लागायचा होता. वीस महिने या खोलीत कोणी काही हलवलं नव्हतं, उघडलं नव्हतं, उजेडात आणलं नव्हतं. जी गोष्ट फ्रेंच माणूस वाड्याखाली भुयार खणून मिळवतो, ती आपल्याकडे एका पंचनाम्यावर मिळते. पण सरांचा राग जाईना. तीन वर्षांपूर्वीच हे कोणी सांगितलं असतं तर त्यांनी स्वतःच तपासणी पथकाचा पत्ता शोधला असता.

निशांत यायचा तो रविवार उगवला. त्याने आधीच संदेश पाठवला होता : बाटली तासभर आधी उघडून दुसऱ्या भांड्यात ओता, तिला श्वास घेऊ द्या. सोबत जेवायला मेंढीचं मटण, जुनं चीज, नाहीतर रानडुक्कर चालेल. विनोदिनीबाईंनी ही यादी दोन बोटांत धरून सरांना परत दिली.

"भाजणीची थालीपीठं करते. कांद्याशिवाय, कुंथुनाथ भावजी येणारेत. आणि लोणी. रानडुक्कर म्हणावं तुझं तू आण."

कुंथुनाथला दिवस मावळायच्या आत जेवायचं असल्यामुळे बोर्डोचा मुहूर्त दुपारी साडेचारचा ठरला. भावकूआण्णा तीनलाच पकड आणि इंची स्क्रू घेऊन हजर झाले. बूच काढायचं खास हत्यार असतं हे त्यांना मान्य नव्हतं. खांबावरून फ्यूज काढणाऱ्याला बुचाचं काय, म्हणून त्यांनी स्क्रू फिरवला, पकडीने ओढला, आणि अर्धं बूच हातात आलं. उरलेलं अर्धं त्यांनी विचार न करता बोटाने आत ढकललं.

"आलं की तोंड मोकळं," ते म्हणाले आणि शोकेसमधला चकचकीत पितळी तांब्या पुढे ओढून बाटली वाकवली.

"थांबा!" विनोदिनीबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "आंबट वस्तू पितळेत? त्याला कल्हई आहे का? कळकेल ती!"

तीन वर्षांत ज्या बाटलीला घरात जागा नव्हती, तिच्यासाठी त्या धावल्या होत्या. त्या स्वतःही क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी चिनी मातीची बरणी आणली, वर चहाची गाळणी धरली आणि म्हणाल्या, "ओता आता. हळू. खालचा गाळ राहू दे बाटलीत, ताकासारखं."

निशांत आला. उंची कोट, नव्या पद्धतीची दाढी. फ्रूट सॅलडचे काचेचे बाऊल मांडलेले पाहून तो थबकला, मग एक पुढे ओढला. बरणीतून ओतून घेतलं, बाऊल फिरवला, नाक घातलं, घोट घेतला, तोंडातल्या तोंडात घोळवला. भावकूआण्णांनी श्वास रोखला. सरांनी तर वीस महिन्यांपूर्वीच रोखलेला होता.

"सर," निशांत डोळे मिटून म्हणाला, "अशी मला तिकडेसुद्धा मिळाली नाही. कुठे ठेवली होती?"

सरांनी घसा साफ केला. "एका दगडी तळघरात. जुनं बांधकाम."

"तापमान?"

"स्थिर."

"हालचाल?"

"सरकारी," भावकूआण्णा म्हणाले. सरांनी त्यांना टेबलाखालून लाथ मारली, ती कुंथुनाथला लागली.

कुंथुनाथने आपला बाऊल जवळ घेतला. "मी पिणार न्हाई. नियम जिभेचा हाय, नाकाचा न्हाई." त्याने चाळीस वर्षं तंबाखूच्या पानाचा वास घेऊन हे सदलग्याचं, हे नदीकाठचं असं सांगत भाव केलेला होता. एकदाच नाक खाली नेलं. "हिच्याजवळ मोठी नदी हाय. जमीन गोट्या-गोट्यांची, पाणी न धरणारी. त्या साली उन्हाळा कडक झालता. आन्..." त्याने पुन्हा हुंगलं आणि सरांकडे बघितलं, "थोडी माझी वखार हाय."

निशांत बघतच राहिला. फोन काढून त्याने काहीतरी तपासलं आणि कुंथुनाथच्या पाया पडला.

सरांच्या काळजात कळ आली. एकतीस वर्षं गारोन नदी कोणी वाहवली? खडकाळ जमीन फळ्यावर कोणी काढली? आणि पाया कोणाच्या पडतोय? त्यांनी बाऊल उचलला आणि आयुष्यातली पहिली बोर्डो तोंडात घेतली.

हिरडा. चक्क हिरडा उगाळलेला. जीभ टाळूला चिकटली, गाल आत ओढले गेले. यासाठी मुख्याध्यापकांचं चूर्ण? यासाठी व्यसनमुक्तीची पहिली रांग? द्राक्षासवात निदान गूळ तरी होता! पण विद्यार्थी समोर बसला होता, आणि शिक्षकाला विषय येत नाही असं दाखवता येत नाही.

"सागरी हवामान जाणवतं," सर कष्टाने म्हणाले.

"थालीपिठाबरोबर घ्या, लोणी जास्त लावून," विनोदिनीबाई म्हणाल्या. सरांनी घेतलं. पुढचा घोट घेतला. आश्चर्य म्हणजे जीभ सुटली. तिसऱ्या घोटाला हिरड्यामागे काहीतरी वेगळं होतं, पावसाआधीच्या मातीसारखं. हे कोणाला सांगावं की नाही याचा ते विचार करत होते. निशांत भरल्या डोळ्यांनी म्हणाला, "सर, तुम्ही शब्द पाळलात. किती त्रास घेतला असेल तुम्ही."

"छे, त्रास कसला," सर म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांची मान ताठ झाली होती. सगळी अपकीर्ती या एका वाक्यात वसूल झाली असं त्यांना वाटलं. त्यांनी बरणीतून त्याला आणखी ओतलं. अशा विद्यार्थ्यासाठी माणसाने आणखी दोन प्रतिज्ञापत्रं केली असती.

तेवढ्यात निशांतचा फोन वाजला. त्याने पडदा बघितला आणि ताडकन उभा राहिला. उंची कोट अंगावर असूनही तो नववी ब मधला दिसायला लागला.

"आलतो गं आई... व्हय, सरांच्यातच हाय... पाया पडलो की... तू कशाला येतीस? ...रिक्षात बसलीस? ...बरं." त्याने फोन ठेवला, बाऊल घाईघाईने सरांच्या बाऊलशेजारी सरकवला आणि विनोदिनीबाईंकडे बघून हळूच विचारलं, "काकू, बडीशेप हाय काय?"

मग तो सरांच्या कानाशी वाकला.

"सर, आमच्या आईला यातलं काही माहीत नाही. तेवढं विचारलंच तर, सगळी तुम्हीच प्यायलात म्हणून सांगाल?"